टी-शर्ट घातलेली फांदी

झेंडावंदन साडेसातला आटोपलं आणि आठ वाजायच्या आत बळीराम घरतांनी, म्हणजे आप्पांनी, पडवीतून अंगणात आणि अंगणातून पडवीत तीन येरझाऱ्या घातल्या. चौथ्या खेपेला बायजाने, त्यांच्या धाकट्या बहिणीने, जिलबीचा पुडा त्यांच्या हातात दिला.

"बस दादा. आनि खा."

"भूक नाय."

"मंग हातात धरून बस. निदान हात तरी एका जागी ऱ्हातील."

आप्पा बसले. हात एका जागी राहिले, पाय हलत राहिला. बारा दिवस हा पाय असाच हलत होता. घरातल्यांना वाटत होतं, सांधेदुखी. गावाला वाटत होतं, पुतण्याच्या पिकाचं दुःख. पायाला खरं काय ते माहीत होतं, पण पाय बोलत नाहीत ही त्यातली चांगली गोष्ट.

बारा दिवसांपूर्वी भागूजी धनगराची तीनशे मेंढरं तेजस्वीच्या वालात बसली आणि सकाळी उठली तेव्हा तिथे वाल नव्हता. तेजस्वी म्हणजे अल्पेशची बायको, आप्पांची पुतणसून. चार वर्षं चंदनसारच्या फ्लॅटमध्ये काढून नवराबायको काका-पुतण्यात जमिनीच्या वाटण्या झाल्यावर तिवरखारला परत आली होती. अल्पेश ग्रामपंचायतीचा सदस्य होताच. सरपंच व्हायला गावात राहावं लागतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तेजस्वी मात्र शेतासाठी आली होती. माहेर गिरीजचं, वाडीतलं; मातीत हात घातल्याशिवाय तिला जेवण जात नसे. भात कापल्यावर तिने वाल टाकला. तो गुडघ्याला लागायच्या आत मेंढरांच्या पोटात गेला.

आणि आज, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, अल्पेश ठराव मांडणार होता.

तो बाहेर आला तो पांढऱ्या कपड्यांत, हातात कागद घेऊन, ओठ हलवत.

"ऐका. 'मौजे तिवरखारच्या हद्दीत बाहेरगावच्या मेंढपाळांस कायमस्वरूपी बंदी करण्यात यावी व खाडीलगतच्या चौदा एकर गुरचरणास तारेचं कुंपण घालण्यात यावं.' कसं वाटतं?"

"कुंपन घातल्यावर आत कोन चरनार?" बायजाने विचारलं.

"आत्या, ते नंतर बघू. क्रीडासंकुल होईल, काहीतरी होईल."

"म्हंजे गुरचरणात पोरं चरनार."

"आत्या, तू सरपंच होतीस तेव्हा मी मध्ये बोललो होतो का?"

"तू तवा चड्डीत होतास. मध्ये बोललास तरी कोन ऐकत होता?"

बायजा वीस-बावीस वर्षांपूर्वी महिला राखीव जागेवर निवडून आली होती. उभं केलं होतं आप्पांनी, या हिशेबाने की सही ती करेल आणि सरपंचकी आपण. पहिल्याच महिन्यात तिने आप्पांना कचेरीच्या बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. पाच वर्षं ते त्या बाकावर बसले. पाय हलवायची सवय तेव्हाची.

"आप्पा, तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसायचं," अल्पेश म्हणाला. "तुम्ही नुसते बसलात तरी चाळीस हात वर जातील. भागूजीशी तुमचे जुने संबंध, आणि तरी तुम्ही ठरावाच्या बाजूने. इम्पॅक्ट येतो."

आप्पांनी जिलबी तोंडात घातली. तोंड भरलेलं असलं की हो-नाही म्हणावं लागत नाही.

*

शाळेकडे जायचा रस्ता डांबरी होता, पण तेजस्वीने शेतातून जायचं ठरवलं आणि बायजा तिच्यामागे निघाली. अल्पेश पुढे स्कूटरवर आप्पांना घेऊन गेला होता.

शेतात नुसती लेंड्यांची पखरण होती. कोपऱ्यात एक फांदी उभी होती. फांदीने टी-शर्ट घातला होता. टी-शर्टच्या छातीवर अल्पेशचा हात जोडलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आपले सहर्ष स्वागत'. पाठीवर 'स्वागतोत्सुक : अल्पेश घरत'. क्रिकेटच्या सामन्यांच्या वेळी दोनशे छापले होते, पन्नास उरले होते.

बायजा थांबली.

"ही फांदी कोनी लावली?"

"माहीत नाही. मी वाल टाकायला आले तेव्हा होतीच. पाखरं फार येत होती, म्हणून म्हटलं बुजगावणं करू. ह्यांचा टी-शर्ट अडकवला."

"आनि ही पालवी?"

टी-शर्टच्या दोन्ही बाह्यांमधून कोवळी पानं बाहेर आली होती. लांबून पाहिलं तर अल्पेशलाच पालवी फुटल्यासारखी वाटत होती.

"पांगारा आहे ना, लगेच धरतो. वालाला पाणी घालताना हिलाही तांब्याभर घालायचे. जगत होती, मग मरू कशाला द्यायची?"

बायजा बांधावर बसली. नवा बांध. दिवाळीच्या तोंडावर जेसीबीने घातलेला, अजून गवत न धरलेला. तिने चपलेतला खडा काढला, जो तिथे नव्हता.

"तुझ्या गिरीजला मेंढरं येतात?"

"वाड्यांमध्ये? मेंढी आली तर आई तिला केळीच्या खुंटासकट परत पाठवेल."

"मंग तुना कोन सांगनार," बायजा म्हणाली. "ऐक. भात घरात आला की शेतं मोकली. मंग धनगर येतो. ज्याला शेतात खत हवा त्यानी शेताच्या कोपऱ्यात पांगाऱ्याची ओली फांदी खोवायची. धनगर फांदी बघतो, पाळी लावतो, मेंढरं बसवतो. फांदी सुकली तर बोलावना मोडला, तो पुढं जातो. हिरवी हाय तर बोलावना कायम."

तेजस्वीने फांदीकडे पाहिलं. मग टी-शर्टकडे. मग पुन्हा पानांकडे.

"म्हणजे मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालून त्यांना बोलवत होते?"

"वर सहर्ष सवागत."

तेजस्वी हसली नाही. बारा दिवसांत ती एकदाही रडली नव्हती, तेव्हा हसण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दोन दिवसांत गावातले वीस जण येऊन भागूजीला शिव्या देऊन गेले. तिसऱ्या दिवसापासून सगळे ठरावाबद्दल बोलायला लागले. वाल कोणता होता, कडवा की गोडा, हे एकानेही विचारलं नव्हतं. कडवा होता. बी तिच्या आईने दिलं होतं.

"मी पाणी घातलं," ती म्हणाली. "पण खोवली कोणी?"

बायजाने बोटाने दाखवलं. फांदीच्या शेंड्याला तिरपा काप होता आणि कापाखाली सालीला सुतळीचे तीन वेढे.

"तीन वेढे कोन मारतो ह्या घरात?"

वेलीपासून मच्छरदाणीपर्यंत या घरातली प्रत्येक वस्तू आप्पांनी सुतळीच्या तीन वेढ्यांनी बांधलेली होती.

"पण त्यांनी तर तलाठ्यासमोर शपथ घेतली होती. 'तुमच्या बांधावर पाय ठेवणार नाही.' मी स्वतः ऐकलं."

"घेतली ना. आनि चार दिवसांनी उठला, कोयता घेतला, फांदी तोडली आनि पन्नास वर्षं जिथं खोवली तिथं खोवून आला. बांध जेसीबीनी घातलाय पोरी. त्याच्या पायांना कोनी सांगितलाय?"

"मग बोलले का नाहीत?"

"बोलला तर अल्पेश काय बोलेल? की आप्पांनी वाटनी मानलीच नाय."

"मानली आहे का?"

बायजा उठली आणि पदर झटकला. "चल. सभा चालू झाली असंल."

*

सभा चालू झाली नव्हती. अल्पेश शाळेच्या पटांगणात उभा राहून खुर्च्या मोजत होता, आणि प्रत्येक वेळी खुर्च्या माणसांपेक्षा जास्त भरत होत्या. सरपंच प्रिस्काबाई मंडपात विषयपत्रिकेने वारा घेत बसल्या होत्या. ग्रामसेवक व्हिव्हियन हजेरीवहीवर पेन आपटत होता.

"किती?"

"शहाऐंशी."

"आणि लागतात किती?"

"मतदार सहाशे बारा. पंधरा टक्के म्हणजे एक्क्याण्णव पूर्णांक आठ दशांश. आठ दशांश माणूस मिळत नाही, म्हणून ब्याण्णव."

"सहा कमी. सहा माणसं नाहीत गावात?"

"आहेत की. अर्नाळ्याला आहेत. सुट्टीचा दिवस, झेंडा झाला, जिलबी झाली, दोन टेम्पो भरून समुद्रावर गेले. तुमच्याच मित्रमंडळाचे टेम्पो."

अल्पेशने फोन लावला. पलीकडून समुद्राचा आवाज आला आणि कोणीतरी 'अल्पेशशेठ, तुम्हीपण या' म्हणालं.

"पुढच्या आठवड्यात घेऊ," प्रिस्काबाई म्हणाल्या. त्यांना घरी पाहुणे होते.

"पुढच्या आठवड्यात आचारसंहिता लागेल. आजच व्हायला हवं."

व्हिव्हियनने मतदारयादी उघडली. तो सरळ माणूस होता. नोकरी लागल्यापासून त्याने नियमाबाहेर काही केलं नव्हतं आणि त्यामुळे त्याची सहा वेळा बदली झाली होती.

"घर नंबर सत्तेचाळीसमधले सहा जण आलेले नाहीत," तो म्हणाला.

घर नंबर सत्तेचाळीस म्हणजे घरतांचं घर.

"आमच्या घरातले सगळे आलेत," अल्पेश घाईने म्हणाला.

"यादीत दहा आहेत. चार तुम्ही. बाकीचे भागूजी रामा कोळेकर, ठकूबाई भागूजी कोळेकर..."

"व्हिव्हियन, ते जाऊ दे."

"...आणि चार मुलगे. पत्ता घर नंबर सत्तेचाळीस."

तेजस्वी सही करून नुकतीच मंडपात बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. चार वर्षं फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत कसं भागवायचं यावर ती त्याच्याशी भांडली होती, आणि तिच्या घरात सहा माणसं जास्तीची राहत होती.

"ती नावं मी घातलीत," बायजा मागून म्हणाली. "सरपंचकीला उभी होते तवा. त्यांच्या पारनेरकडं निवडनुका लागतात तवा हे इथं असतात, म्हनून तिकडच्या यादीतून नावं गेली. इथं आठ महिने ऱ्हातात. मानसाला कुठंतरी मत असावा की नको? पत्ता म्हनून आमचा घर दिला. आनि मी चार मतांनी निवडून आले, तेबी खरा."

"ते जुनं झालं, आत्या."

"तुझ्या मागच्या इलेक्शनला टेम्पो कोनी पाठवला होता खाडीच्या बंधाऱ्यावर, ह्यांना आनायला? मी?"

कोणीतरी हसलं. अल्पेशने रुमाल काढून मानेवर फिरवला. बंदी घालायची तर सभा भरायला हवी, सभा भरायची तर भागूजीला बोलवायला हवं. त्याने दोन्ही बाजूंनी विचार केला. विचाराला दोनच बाजू होत्या आणि दोन्हीकडे भागूजी उभा होता.

"बोलवा," तो म्हणाला. "सही करतील, बसतील. बोलायचं काम नाही."

*

भागूजी आला तो घोंगडी खांद्यावर टाकून, मागे ठकूबाई आणि चार मुलगे. मेंढरं कुत्र्यांवर सोपवून आले होते. पाचांनी वहीत सह्या केल्या, ठकूबाईने अंगठा दिला. व्हिव्हियनने घड्याळ बघून लिहिलं, 'उपस्थिती ब्याण्णव. सभा सुरू.' सहाही जण मागच्या रांगेत जमिनीवर बसले. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कोणी बसा म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

आप्पा पहिल्या रांगेत होते. त्यांना मागे वळून बघावंसं वाटत होतं आणि बघवत नव्हतं, त्यामुळे मान मधेच आखडली होती. बारा दिवसांत भागूजी घरी आला नव्हता. दर वर्षी मेंढीच्या पहिल्या दुधाचा खरवस घेऊन यायचा. यंदा आला असता तर त्याला विचारता आलं असतं, की बाबा, तू सांगत का नाहीस? आणि तो सांगत नाही यासाठी आप्पा रोज सकाळी देवाचे आभार मानत होते आणि संध्याकाळी त्याच देवासमोर बसायला लाजत होते.

अल्पेशने ठराव वाचला. "'बाहेरगावच्या मेंढपाळांस'" या शब्दांवर व्हिव्हियनने हात वर केला.

"बाहेरगावचे म्हणजे कोण? हे तर मतदार आहेत. आत्ताच सह्या झाल्या."

"मग 'मेंढपाळांस' एवढंच ठेवा."

"गावातल्या मतदाराला गावात बंदी? तसा ठराव मी लिहीन, पण वरून परत येईल."

"मग लिहा, 'परवानगीशिवाय उभ्या पिकात मेंढरं घालणाऱ्यास बंदी'. झालं?" अल्पेश ओरडला. "हे तरी चालेल? माझ्या बायकोचं पीक गेलंय! भागूजी, उठ. सांग सगळ्यांना, घातलीस का नाही मेंढरं?"

भागूजी उठला. "घातली."

"परवानगी होती?"

भागूजीने पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे आप्पांचं टक्कल दिसत होतं आणि टकलाखाली लाल झालेले कान.

"फांदी व्हती," तो म्हणाला. "हिरवी व्हती. वाल दिसला मला, न्हाय म्हनत न्हाय. पर शेंड्यांवर मावा पडलेला दिसला. म्हनलं, पीक गेलं म्हून बोलावलं आसंल. लोक बोलावत्यात तसं."

"मावा थोडाच होता!" तेजस्वी उभी राहून म्हणाली. "चार ओळींत. मी राख मारली होती!"

"व्हय माय. चुकलं. पर वर सदराबी व्हता. थोरल्यानं वाचून दावलं, सहर्ष सवागत लिवलंय. म्हनलं, यंदा मानानं बोलावलंय."

मंडप हसला. प्रिस्काबाईंनी विषयपत्रिका तोंडावर धरली. अल्पेशचे हात सवयीने जोडले गेले होते, फोटोतल्यासारखे. त्याने ते सोडवले.

"फांदी कोणाची?" त्याने विचारलं.

"आता मला काय म्हाईत? फांदीला नाव नसतं." भागूजी खाली बसला. "मेंढरं माझी. गुन्हा माझा. लिवा."

"ऐकलंत? कबूल केलं. ठरावाच्या बाजूने हात वर करा."

हात वर जायला लागले. दहा, वीस, तीस. मागच्या रांगेतले सहा हात गुडघ्यांवरच होते. पण सहाही माना पहिल्या रांगेकडे वळल्या होत्या. वीस वर्षं सत्तेचाळीस नंबरचं मत ज्या बाजूला पडेल त्या बाजूला त्यांचं पडत आलं होतं. आताही ते आप्पांच्या हाताची वाट बघत होते. आप्पा हात वर करते, तर स्वतःच्या बंदीसाठी सहाही हात वर जाणार होते, काहीही न विचारता.

आप्पांच्या ते लक्षात आलं, आणि पाय थांबला.

त्यांनी हात वर केला. सहा हात हलले.

"खाली घ्या रे हात!" आप्पा मागे वळून ओरडले. "मी बोलायला केलाय."

ते उभे राहिले. गुडघा वाजला, तो पहिल्या तीन रांगांना ऐकू गेला.

"फांदी माझी हाय. मी खोवली. दिवाळीनंतर, चवथ्या दिवशी. तलाठ्यासमोर शपथ घेऊन आलो आनि चवथ्या दिवशी खोवली. मना वाटला माझा शेत. वाटला बी नाय, हात गेला. मंग वाल गेला आनि मी गप बसलो. बारा दिवस. ह्या मानसानी माझा नाव घेतला नाय आनि मी त्याला गुन्हेगार होऊ दिला. परवानगी माझी होती. बंदी घालायची तर माझ्यावर घाला. लिही रे व्हिव्हियन."

व्हिव्हियनने पेन उचललं. "बळीराम घरत यांना उभ्या पिकात मेंढरं घालण्यास बंदी, असं लिहू?"

"आप्पा," अल्पेश हळू आवाजात म्हणाला. आता त्यात सभेचा सूर नव्हता. "म्हणजे वाटणी तुम्ही मानलीच नाही."

"नाय मानली," आप्पा म्हणाले. "मानायचा होता. जमला नाय अजून."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. काही हातांनी उतरताना डोकं खाजवलं, म्हणजे त्यासाठीच वर गेले होते असं वाटावं.

तेजस्वी पुढे आली. तिला माईक दिला गेला. तो बंद होता, पण तिने धरला.

"पीक माझं गेलं. बारा दिवस सगळे बोलताहेत, मला कोणी विचारलं नाही. आता ठराव मी सांगते. एक, ज्याने पेरलं त्यानेच फांदी लावायची. बापाने, सासऱ्याने, काकाने नाही. दोन, गुरचरणाला तार नाही. तार लावली तर मेंढरं कुठे जातील? पुन्हा वालातच येतील. तीन, भागूजीमामा, उद्यापासून आठ दिवस मेंढरं माझ्या शेतात बसवा. माझं खाल्लंय, मला खत द्या."

"धा दिस बसवतो माय," भागूजी म्हणाला.

"आठ. मला पुढे मुळा टाकायचाय."

ठराव मंजूर झाला. विरोधात कोणी नाही. अल्पेशचा हात वर गेला की नाही याबद्दल घरात पुढे दोन मतं पडली. व्हिव्हियनच्या वहीत मात्र 'एकमताने' असं आहे. जाताना अल्पेश बायजाजवळ थांबला.

"आत्या, मी पडणार ना आता?"

"टेम्पो धाडशील तर नाय पडनार," बायजा म्हणाली. "पन औंदा खुर्च्या पन दे त्यांना."

*

दुपारी तेजस्वी मागच्या दारी आली. आप्पा न्हाणीमागे पांगाऱ्यापाशी उभे होते, कोयता हातात.

"जुनी फांदी मी उपटली," ती म्हणाली. "टी-शर्ट धुवायला टाकलाय. नवी तोडून द्याल? मला तिरपा काप जमत नाही."

त्यांनी तोडली. सुतळी काढली, वेढे मारायला लागले आणि दुसऱ्या वेढ्याला थांबले.

"मारा तिसरा," ती म्हणाली.

दोघं शेताकडे निघाली. ती पुढे, ते मागे, फांदी त्यांच्या खांद्यावर. खाडीकडून मेंढरांचा आवाज येत होता, अजून लांब. तेजस्वी नवा बांध ओलांडून आपल्या शेतात उतरली आणि कोपऱ्याकडे चालू लागली. मागे पावलं ऐकू येईनात, म्हणून वळून पाहिलं.

आप्पा बांधापाशी उभे होते. डावा पाय उचललेला, अधांतरी, टेकवावा की नाही हे न ठरलेला. पन्नास वर्षांत त्यांनी या जमिनीवर किती वेळा पाय ठेवला असेल याची गणती नव्हती. विचारून एकदाही नाही.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

तेजस्वी परत बांधापर्यंत आली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"या," ती म्हणाली. "पण आधी फांदी माझ्याकडे द्या."